ढोपरभर भिंतीचा पाया

माझ्या बाभुळगावच्या घरामागे विटांचे तीन वाफे आहेत. एकाची बाहेरची भिंत आडवी झाली आहे. दुसऱ्याच्या कोपऱ्याला हात जाईल एवढी भेग आहे. तिसरा अजून उभा आहे, पण असा कलून की त्याच्याकडे नजर गेली तरी माझं डोकं फिरतं. शेजारपाजारचे विचारायचे तेव्हा मी पाऊस फार झाला म्हणून सांगायची. आता खरं सांगते. ते वाफे माझ्या भावाने बांधले, आणि मी बांधू दिले.

वाफे आईसाठी होते. आई फुलसावंगीला दादाकडे राहायची. शेत तिकडेच आहे, कापूस आणि तूर. जन्मभर वाकून निंदण-वेचणी केल्यावर तिचे दोन्ही गुडघे गेले. डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली, आणि खाली बसायचं नाही म्हणजे शेतात करायचं काय? घरात तिला कोणी काम सांगेना. पाठीमागे उशी देऊन खाटेवर बसवून ठेवायचे आणि आम्ही आईला किती सुखात ठेवलंय ते सगळ्यांना दाखवायचे. दोन वर्षांत ती अर्धी झाली. माझं लग्न टिकलं नाही, पण नोकरी टिकली, आणि वीस वर्षं कचेरीत फायली हलवून मी हे घर उभं केलं. मी तिला म्हटलं, माझ्याकडे चल.

आमच्याकडे आई लेकीच्या घरी राहत नाही. येते, चार दिवस राहते, शेवया करून देते आणि जाते. पाचव्या दिवशी लोक मुलाला विचारतात की आईला बहिणीकडे का टाकलं. आणि आईला स्वतःलाच लेकीच्या घरचा घास जड जातो. माझ्याकडे आली की ती अर्धी भाकर कमी खायची. मी ओरडायची, ती पोट भरलं म्हणायची. शेवटी तिनेच मार्ग काढला. म्हणाली, मला थोडी माती दे. भाजीपाला मी पिकवीन, मग बसून खाल्ल्यासारखं वाटणार नाही. खाली बसता येत नव्हतं, तेव्हा माती वर आणायला हवी होती. ढोपराएवढ्या उंचीचे विटांचे वाफे, भिंत नऊ इंची, वरून सपाट, म्हणजे तिला काठावर बसून हात घालता येईल. वाफे झाले तर ती राहणार होती, नाही तर अखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, परत जाणार होती. सगळं त्यावर ठरलं होतं.

आता आमच्या मातीबद्दल सांगावं लागेल. या भागातल्या काळ्या मातीचा शेतकऱ्याला केवढा अभिमान. पण तिच्यावर भिंत उभी करायला गेलं की ती सगळ्यांची फजिती करते. वैशाखात ती अशी तडकते की भेगेत कोपरापर्यंत हात जातो, आणि भेगांच्या मधली जमीन कुदळीला दाद देत नाही. पावसाळ्यात तीच पाणी पिऊन फुगते आणि वर असेल ते उचलते. म्हणून घर बांधताना माणूस काळी माती संपेपर्यंत खोदतो, खाली मुरूम लागला की थांबतो. माझ्या घराचा पाया खोदताना मी रजा काढून उन्हात उभी होते. साडेचार फुटांवर मुरूम लागला तेव्हा मिस्त्रीने मला वर मूठभर आणून दाखवला, पिवळसर, खरखरीत. हे मी विसरलेली नाही. मला माहीत होतं, हे मी मुद्दाम सांगते आहे.

वाफ्यांसाठीही मी ट्रॉलीभर मुरूम आणून टाकला होता. खोदायचं, मुरमाचे थर द्यायचे, पाणी मारायचं, दुरमुसाने ठोकायचं, वर गिट्टीचा थर आणि मग विटा. मिस्त्री ठरला होता, चुन्याची रेघ मारून झाली होती. तेवढ्यात आईला सोडायला दादा आला. टेम्पोत आईची पेटी, तिची खाट आणि आमच्या शेतातल्या मातीची आठ पोती होती. ती माती आईनेच मागितली होती. दादाने अंगणात खुर्ची मागवली, चहा मागवला आणि कामाचा ताबा घेतला. घर माझं, अंगण माझं, विटा मी आणलेल्या. पण पुरुष माणूस आला म्हटल्यावर मिस्त्रीने माझ्याकडे बघणंच सोडलं. माझ्याशी ठरलेलं असूनही पाया किती घ्यायचा, हे त्याने दादाला विचारलं.

"ढोपरभर भिंतीले पाया कायले?" दादा म्हणाला.

मी म्हटलं, काळी माती आहे, फुगते. दादा हसला. मिस्त्रीही हसला. त्याचं काय जात होतं, तेवढीच खोदाई वाचत होती. दादाने टाच जमिनीवर आपटून दाखवली, की बघ, दगड आहे दगड. अरे, वैशाखात सगळीच काळी माती दगड असते. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाला हे मी सांगायचं? मी आवाज चढवला तेव्हा त्याने आपला हुकमी पत्ता काढला.

"आपली गव्हाण पाह्य. चाळीस वर्ष झाले. बैल ढुशा देत, शिंगं घासत. एक वीट तरी हालली का? तिले कुठं हाय पाया?"

फुलसावंगीच्या घराच्या बाजूला गोठ्यात ही गव्हाण आहे. बैलांना कडबा टाकायची, विटांची, ढोपराएवढीच, लांबलचक. आम्ही दोघं तिच्यावर बसून लहानाचे मोठे झालो. बैल कधीच विकले गेले, गव्हाण तशीच आहे, रेघेत सरळ. गव्हाण मीही पाहिलेली होती, आणि तिच्याखाली काय आहे ते दोघांनीही कधी पाहिलेलं नव्हतं.

आई तिथेच होती. भिंतीच्या सावलीत बसून सुपात वालाचं बी निवडत होती. गव्हाणीचं नाव निघालं तेव्हा तिने हात थांबवला, मान वर केली, आधी दादाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ती म्हणतेय की भांडू नको, सणाचे दिवस आहेत. मी तोंड मिटलं. तिने पुन्हा बी निवडायला घेतलं.

दादाने नारळ फोडला. पाया नसलेल्या भिंतीच्या मुहूर्ताचा नारळ! आणि कुंकवाचं ताट घरातून कोणी आणलं? मी. हे आठवलं की मला स्वतःचाच एवढा संताप येतो की हातातली वस्तू खाली ठेवावी लागते. मिस्त्रीने फावड्याने वरवरची जमीन खरवडली, चार बोटं सिमेंट-वाळूचा माल पसरला आणि विटा लावायला घेतल्या. दोन दिवसांत तिन्ही वाफे तयार झाले. दिसायला झकास. खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या दादाने, मुरूम कशाला वाया घालवायचा म्हणून, तो फाटकापाशी पसरवला, कारण पावसाळ्यात आला की तिथे त्याच्या मोटरसायकलचं स्टँड मातीत रुतायचं. माझ्या आईच्या भिंतीखाली जायचा मुरूम मोटरसायकलच्या स्टँडखाली गेला. जाताना तो म्हणाला, पाहिलं, उगाच टेन्शन घेते तू.

पुढचे तीन महिने मात्र चांगले गेले, आणि ते मी कोणाला नाकारू देणार नाही. आईने शेतातली माती सगळ्यात वर पसरली. मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी, चवळी, कडेला अंबाडी, मांडवावर वाल. सकाळी चहा घेऊन काठावर बसायची आणि तिचे हात मातीत गेले की गुडघ्यांची तक्रार बंद. पहिली मेथी खुडली त्या दिवशी जुडी ओट्यावर ठेवून म्हणाली की आजची भाजी तिच्याकडून. त्या दिवशी ती दोन भाकरी जेवली. मी समोर बसून बघत होते. शेजारणींना वाटी वाटी भाजी जाऊ लागली, आणि किती दिवस राहणार असं कोणी विचारलं की ती म्हणायची, वाल तर निघू द्या. मला वाटलं, राहिली.

श्रावणात भेगा दिसायला लागल्या. आधी एका वाफ्याच्या कोपऱ्यात, विटांच्या सांध्यातून पायऱ्या-पायऱ्यांनी चढलेली केसाएवढी रेघ. मग बोट जाईल एवढी. खालची जमीन फुगून मधला भाग उचलत होती, आणि आतली ओली माती भिंतीला बाहेर ढकलत होती. दादाला फोन केला तर म्हणाला, प्लॅस्टर उकललं असेल. प्लॅस्टर केलेलंच नव्हतं. मिस्त्री फोन उचलेना. मग मी काय केलं? एका दुपारी आई झोपलेली असताना सिमेंट कालवून भेगा बुजवल्या. तिला कळलं तर ती म्हणेल, कशाला माझ्यापायी हा खर्च आणि ताप, आणि निघून जाईल, याची मला भीती होती. म्हणून मी लपवलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी खिडकीतून पाहिलं, ती त्या ताज्या सिमेंटवर नखाने खरवडत होती. माझी चाहूल लागली तशी तिने हात मातीत घातला. मी खिडकीपासून मागे सरले.

पोळा होऊन आठवडा झाला होता. रविवार होता, मी आत पोळ्या लाटत होते. आधी विटा घसरल्याचा आवाज आला आणि मग आईचा. मी धावले. काठाची तीन-चार फूट भिंत तिच्यासकट बाहेर कलंडली होती. ती पाठीवर पडली होती, डावा हात अंगाखाली, छातीवर वांग्याचं रोप आणि सगळी माती. रडत नव्हती. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली की वांग्याला फुलं आली होती.

मनगट मोडलं. यवतमाळला नेऊन प्लॅस्टर घातलं. डोक्याला लागलं नाही, कंबर वाचली, असं डॉक्टर म्हणाले आणि सगळ्यांनी देवाचे आभार मानले. मी नाही मानले. मी सबंध रस्ताभर दात आवळून बसले होते आणि दादाला काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते.

तो दुसऱ्या दिवशी आला. आधी मागे जाऊन वाफा पाहिला. मग आत आला, आईच्या खाटेपाशी बसला आणि मला म्हणाला की तू एवढी शिकलेली, कचेरीत बसणारी, तुझ्या डोळ्यांदेखत मिस्त्रीने बिनपायाची भिंत बांधलीच कशी? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच. मग मी जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. खुर्ची, चहा, नारळ, मुरूम, मोटरसायकल, सगळं काढलं. आईचा हात तू मोडलास, असंही म्हटलं. मग त्याचाही आवाज चढला, आणि फिरून फिरून तो पुन्हा त्याच जागी आला. भिंतीची चूक नाही, मिस्त्रीचा माल कच्चा, नाहीतर आपली गव्हाण कशी काय उभी आहे?

"गव्हाणीले पाया हाय," आई म्हणाली.

ती प्लॅस्टरच्या हाताकडे बघत बोलत होती. गव्हाणीची पहिली भिंत आमच्या बापाने तशीच बांधली होती, वरवर, आणि एका पावसात ती उलटली. बापाला दुसऱ्यांदा हात घालायला सवड नव्हती, वेचणी चालू होती. मग तिनेच खोदलं. सकाळचा स्वयंपाक आटोपला की खोदायची, कंबरेएवढं, मुरूम लागेपर्यंत. नाल्यावरून घमेल्याने मुरूम आणला, थर दिले, दुरमूस मारला. तिथल्या मिस्त्रीने फक्त वरच्या विटा लावल्या. दादा तेव्हा शाळेत जात होता, मी पाठीशी बांधलेली होते. सगळं तिने अशा आवाजात सांगितलं की जणू भाजीत मीठ किती घातलं ते सांगत होती.

दादा जमिनीकडे बघत राहिला. मला मात्र राग आवरेना. तिच्यावरही. हा हात मोडला नसता. एक वाक्य, त्या दिवशी सूप खाली ठेवून एकच वाक्य बोलली असती तर.

"मंग तू बोलली काहून नाही?" मी विचारलं.

"मले कोनं विचारलं?"

हे ती दादाकडे बघून म्हणाली असती तर मी सुटले असते. ती माझ्याकडे बघत होती. दादाने कधी कोणाला विचारलं नाही, त्याची तिला सवयच होती. पण मी तिला आणली होती ती माणूस म्हणून आणली होती, निदान मी तसं सगळ्यांना सांगत होते. मी विटा कुठल्या आणायच्या ते दुकानदाराला विचारलं, पाया किती घ्यायचा ते मिस्त्रीशी ठरवलं, माझं ऐकत नाहीत म्हणून दादाशी भांडले. आणि जिच्यासाठी हे सगळं होतं ती चार हातांवर बसून वालाचं बी निवडत होती. उशी लावून खाटेवर बसवणारे फुलसावंगीला होते. मी खाटेऐवजी वाफ्याचा काठ दिला होता, एवढाच फरक. आणि सिमेंटने भेगा बुजवून मी तर त्यांच्याही पुढे गेले होते.

आठ दिवसांनी ती दादाबरोबर गेली. मी अडवलं नाही, कोणत्या तोंडाने अडवणार? टेम्पोत खाट आणि पेटी गेली. माती इथेच राहिली. निघताना तिने मला तुटक न बोलता सगळ्या भाज्यांना पाणी किती ते सांगितलं.

दिवाळीला मी फुलसावंगीला गेले. आई घरात नव्हती. गोठ्यात गेले तर ती गव्हाणीच्या काठावर बसलेली. प्लॅस्टर निघालं होतं, मनगट जरा वाकडं जुळलं होतं. बैल नसलेल्या त्या रिकाम्या गव्हाणीत तिने शेताची माती भरून घेतली होती आणि मेथी वीतभर आली होती. कोणाकडून भरून घेतली, विचारलं. दादाकडून, म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली. मी तिच्याशेजारी बसले. मग न राहवून खाली जमिनीवर बसून, दोन्ही पायांनी जोर लावून गव्हाणीला पाठीने रेटून पाहिलं. ती हलली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचंच होतं, आणि तो कोणावर ते मला ठरवता येईना.

मी म्हटलं, परत बांधते, नीट पाया घेऊन बांधते, तू चल. ती मेथी खुडत राहिली. मग म्हणाली की इथे ती स्वतःच्या हातच्या भिंतीवर बसली आहे, पडायची भीती नाही.

मग मी तिला विचारलं. कसं खोदायचं, किती रुंद, मुरमाचा थर किती, पाणी कधी मारायचं, दुरमूस किती वेळा मारायचा. दुपार होईपर्यंत ती बोलत होती. जन्मात मी तिला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. मध्येच माझा तळहात उलटा करून पाहिला आणि म्हणाली, फोड येतील.

फोड आले. आता थंडीचे दिवस आहेत, जमीन अजून थोडी ओली आहे, खोदता येते. मिस्त्री आला होता, अर्ध्या मजुरीत करून देतो म्हणाला, त्याला मी फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. दादाने फोनवर सांगितलं की पोकलेन लावून एका तासात होईल. मी फोन ठेवून दिला. फाटकापाशी पसरलेला मुरूम मी घमेल्या-घमेल्याने उकरून परत मागे आणला आहे, त्यात मोटरसायकलच्या तेलाचे डाग आहेत. कचेरीतून आले की साडी खोचून खड्ड्यात उतरते. चिडलेल्या माणसाला कुदळ जड जात नाही, हे मला या वयात कळलं. एका वाफ्याची एक बाजू मांडीच्या वर खोल झाली आहे.

संध्याकाळी आईचा फोन येतो. तब्येत, जेवण, पाऊसपाणी काही नाही. येतेस का, असं मी विचारत नाही. तिनेच एकदा म्हटलं होतं, मुरूम लागू दे, मग पाहू.

"माती कशी हाय?" ती विचारते.

"अजून काळीच."

"मंग खोद."